लॅपटॉपचं नंतर बघू, आधी हत्यारं शिकवा

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि.

पत्र जरा लांबणार आहे, जागा नसेल तर खुशाल कापा, पण मधला कऱ्हाळे आडनावाचा भाग तेवढा कापू नका ही विनंती.

विषय असा की निकाल लागले की तुमच्या करिअरच्या पानावर ‘कॉम्प्युटरच्या शिक्षणासाठी कोणता लॅपटॉप घ्यावा’ असा लेख येतो, यंदाही आला, आणि त्या लेखाचा मोबाइलमध्ये फोटो काढून एक शेतकरी आमच्या मोंढ्यातल्या (धान्य बाजारातल्या) एका आडत दुकानात आले होते. मी तिथं प्रोग्राममध्ये काहीतरी दुरुस्ती करत बसलो होतो. आडत्यानं त्यांना सांगितलं की हे कॉम्प्युटरवाले आहेत, ह्यांना विचारा. तर ते म्हणाले, ‘साहेब, पोरीला बीसीएला घातलंय, ह्यातला ऐंशी हजाराचाच घ्यावा लागतो का? तसं असलं तर घरातलं सोयाबीन काढतो, भाव नाही तरी काढतो.’ मला दोन मिनिटं काही बोलायलाच सुचलं नाही. कारण मी ज्या मशीनवर काम करत होतो ते सेकंडहँड होतं, बॅटरी बदललेली, आठ जीबी रॅम आणि एसएसडी (वेगवान डिस्क) नंतर टाकलेली, आणि त्यावरच माझं घर चालतं. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली की जुनं मशीनही पळायला लागतं हे त्या लेखात एका ओळीनं जरी लिहिलं असतं तरी कितीतरी बापांचे पैसे वाचले असते.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. परभणीत राहतो, चौदा वर्षं झाली सॉफ्टवेअर लिहायलोय, पैकी पाच वर्षं पुण्यात नोकरीत काढली आणि मग आईच्या तब्येतीमुळं परत आलो. आता आडत दुकानं, जिनिंग, दूध संकलन केंद्रं ह्यांचे हिशोबाचे प्रोग्राम करून देतो. पुण्यात माझ्या बाजूला बसणारी पोरं माझ्यापेक्षा हुशार होती असं काही नव्हतं, पण त्यांच्या हातात हत्यारं होती, म्हणजे रोजच्या कामाची सॉफ्टवेअर, आणि मला त्यांची नावंसुद्धा माहीत नव्हती. मी इंजिनिअरिंग पास होऊन गेलो होतो बरं का, आणि पहिल्या दिवशी टीम लीडनं सांगितलं ‘रेपो क्लोन करून घे’ (म्हणजे टीमचा सगळा कोड आपल्या मशीनवर उतरवून घे) तेव्हा मला त्या वाक्यातला एकही शब्द कळला नाही. हे मला आजही बोचतं, कारण चौदा वर्षांनंतर आमच्या भागातून जाणाऱ्या पोरांची तीच गत आहे.

सुताराकडं काम शिकायला पोरगं ठेवलं तर तो आधी रंधा कसा धरायचा, पटाशीला धार कशी लावायची ते शिकवतो, कपाट करायचं नंतर. आमच्या धंद्यातपण रंधा आणि पटाशी असते. आणि त्यातली उत्तमातली उत्तम फुकट आहेत. क्रॅक नाही, चोरीची नाही, बनवणाऱ्यानं स्वतः फुकट ठेवलेली. पेनड्राइव्हवरून क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकून अख्ख्या लॅबमध्ये व्हायरस पसरवण्याची काही गरजच नाही.

माझ्या मशीनवर रोज उघडतात ती सांगतो. विंडोजवर असलो तर पहिलं कोड लिहायचं नोटपॅड प्लस प्लस. २००३ पासून आहे, डॉन हो नावाच्या माणसानं सुरू केलं, आकारानं एवढंसं आणि कुठल्याही जुनाट मशीनवर पटकन उघडतं. त्यातला एन्कोडिंगचा मेनू तर मराठी डेटावर काम करणाऱ्याला फार लागतो, फाइल यूटीएफ-८ (अक्षरं आकड्यांत साठवायची एक पद्धत) आहे का दुसरं काही ते खाली कोपऱ्यात दिसतं. दुसरं व्हीएस कोड, मायक्रोसॉफ्टचं, २०१५ मध्ये आलं, चांगलंच आहे, मी मोठ्या कामाला तेच वापरतो, पण आतून ते ब्राउझरच्याच इंजिनवर चालतं त्यामुळं ४ जीबीच्या मशीनवर सोबत क्रोमच्या दहा टॅब उघडल्या की मशीन धापा टाकायला लागतं, तशा मशीनवाल्यांनी जीनी वापरावं, हलकं आहे. फाइल शोधायला ‘एव्हरीथिंग’. विंडोजचं आपलं सर्च गोल गोल फिरत बसतं आणि हे नाव टाइप करेपर्यंत फाइल समोर आणतं, कारण ते फोल्डर फोल्डर हिंडत नाही, डिस्कवर फाइलींच्या नावांचा जो मुख्य तक्ता असतो तोच थेट वाचतं. दोन फाइलींमधला फरक बघायला विनमर्ज, लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) मेल्ड. कॉम्प्रेस करायला सेव्हन-झिप. बॅकअपसाठी विंडोजमध्येच रोबोकॉपी नावाची कमांड बसवलेली असते, वेगळं काही घ्यायचं नाही, तरी लोक दर आठवड्याला हातानं कॉपी-पेस्ट करतात आणि निम्म्यात विसरतात.

आणि फाइलींच्या आत शोधायला ग्रेप. हे १९७० च्या दशकातलं हत्यार आहे, केन थॉम्पसनचं, युनिक्स ही जुनी सिस्टीम बनवणाऱ्यांपैकी ते एक. आता मी त्याचंच नवं भावंड रिपग्रेप वापरतो, हजारो फाइलींमधून एक शब्द डोळ्याचं पातं लवायच्या आत काढून देतं. ह्या थॉम्पसन साहेबांचं आपल्यावर अजून एक मोठं ऋण आहे. १९९२ मध्ये त्यांनी आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात जेवताना टेबलावरच्या कागदावर यूटीएफ-८ ची आखणी केली, आणि आज तुमच्या पेपरच्या वेबसाइटवर जी मराठी दिसते ती त्याच पद्धतीनं साठवलेली असते. त्यात देवनागरीच्या एका अक्षरखुणेला तीन बाइट (मेमरीतल्या छोट्या जागा) लागतात. ‘मराठवाडा’ शब्दात काने धरून आठ खुणा आहेत म्हणजे चोवीस बाइट. हे कुठल्या लेक्चरला सांगितलं जात नाही, आणि नेमकं तेच माहीत नसल्यामुळं काय होतं ते आता सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक शेतकरी दुकानात आले, आडनाव कऱ्हाळे, सोसायटीत दाखवायला वर्षभराच्या पट्ट्यांचा उतारा पाहिजे होता. (पट्टी म्हणजे माल विकल्यावर हमाली, तोलाई वजा करून आडत्या देतो तो हिशोबाचा कागद, शहरातल्या वाचकांसाठी सांगतो.) मुनीमजींनी माझ्या प्रोग्रामात कऱ्हाळे टाकून शोधलं तर तीनच पट्ट्या आल्या. त्यांच्याकडं घरी जपून ठेवलेले कागद होते सात. ते काही भांडले नाहीत, आवाजही चढवला नाही, फक्त म्हणाले ‘मग माझा चार गाड्या माल गेला कुठं?’ मुनीमजी माझ्याकडं बघायले आणि मला घाम फुटला. कारण पैसे त्यांना मिळालेले होते, कागद खरे होते, प्रोग्राम माझा होता.

घरी येऊन डेटाबेस उघडला. सातही पट्ट्या होत्या. नाव सातही ठिकाणी कऱ्हाळे, स्पेलिंग तेच, ऱ्हस्व-दीर्घाची चूक नाही, मागं-पुढं स्पेस नाही, डोळ्यांना काडीचा फरक दिसंना. शेवटी दोन नोंदींमधली नावं वेगवेगळ्या फाइलीत काढली आणि एक्सएक्सडी चालवलं. हे एक छोटंसं हत्यार आहे, विम नावाच्या एडिटरसोबत येतं, फाइल जशी डिस्कवर आहे तशी एक एक बाइट करून आकड्यात दाखवतं, अक्षर वगैरे काही सजवून दाखवत नाही. एक कऱ्हाळे निघालं २१ बाइटचं आणि दुसरं २४ बाइटचं. तीन बाइट जास्त, म्हणजे एक खूण जास्त, आणि ती खूण स्क्रीनवर दिसतच नाही!

गोम अशी होती. आपला जो ऱ्या, ऱ्ह मधला आडवा र आहे, ज्याला इंग्रजी येणारे लोक पापणीसारखा र म्हणतात, तो कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हेनं लिहिला जातो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षरच युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणारी यादी) आहे, त्याचा नंबर ०९३१, त्याला हलन्त लावायचा. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, ०९३०, त्याला हलन्त आणि त्याच्यापुढं एक न दिसणारा जोडणारा, झिरो विड्थ जॉइनर म्हणतात त्याला. मुनीमजी वर्षानुवर्षं इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करणारे, त्यांच्याकडून पहिल्या तऱ्हेचा येत होता. सीझनला मदतीला ठेवलेला पोरगा इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणाऱ्या कीबोर्डवर, त्याच्याकडून दुसऱ्या तऱ्हेचा. माणसाला दोन्ही सारखेच, मशीनला दोन वेगळी माणसं. आणि हे फक्त कऱ्हाळेंचं नाही हो, गिऱ्हाईक, वऱ्हाड, दुसऱ्या, पायऱ्या आणि सगळ्यात मोठं म्हणजे ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द, जो आमच्या प्रत्येक रिपोर्टच्या डोक्यावर असतो. हिंदीत हा आडवा र लागतच नाही त्यामुळं हिंदीवाल्यांना हा प्रश्न पडत नाही. इंग्रजीवाल्यांना तर माहीतच असायचं कारण नाही. हा प्रश्न आपला आहे आणि तो आपल्याच पोरांनी सोडवायचा आहे, दुसरा कोण येणार?

दुरुस्ती केली ती अशी. पायथॉन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत युनिकोडडेटा नावाचं मॉड्यूल आयतंच मिळतं, त्यात अक्षरं एका ठरावीक रूपात आणायची सोय आहे, नॉर्मलाइज म्हणतात. र खाली नुक्ता (टिंब) देऊन कुणी ऱ केला असेल तर त्याचा खरा ऱ ती करून देते. पण जॉइनरवाला र तिला कळत नाही, त्यासाठी वेगळी एक ओळ स्वतः लिहावी लागते की र, हलन्त, जॉइनर असं एकापाठोपाठ दिसलं की त्या जागी ऱ आणि हलन्त ठेव. नाव साठवतानाही ही गाळणी आणि शोधतानाही हीच गाळणी. ॲपमधल्या ॲ चं पण तेच, तोही दोन तऱ्हेनं लिहिला जातो, एकदा अख्खा आणि एकदा अ ला जॉइनर आणि चंद्र जोडून. जुन्या नोंदी सगळ्या एकदा गाळून घेतल्या तेव्हा एकाच माणसाची दोन दोन खाती झालेली कितीतरी निघाली. दुसऱ्या दिवशी कऱ्हाळेंना उतारा दिला, सात पट्ट्या, त्यांनी बोट ठेवून सातही मोजल्या, आणि गेले. मी ती गाळणी आता प्रत्येक कामात पहिल्या दिवशीच घालतो. कुणालाही पाहिजे असेल तर देतो, दहा-बारा ओळी आहेत.

आता ह्यात लॅपटॉप ऐंशी हजाराचा असता तर काय फरक पडला असता? एक्सएक्सडी माहीत नसतं तर मी डोळे फोडून घेतले असते तरी ती खूण दिसली नसती.

दुसरी गोष्ट माझ्या भाचीची. ती आमच्याच भागातल्या एका कॉलेजात सेकंड इयरला आहे, कॉलेजचं नाव घेत नाही कारण हे एकट्या त्यांचं नाही. दिवाळीत आली तेव्हा म्हणाली ‘मामा, प्रोजेक्टमध्ये काहीतरी भूत शिरलंय, बघा ना.’ बघतो तर निळी स्क्रीन, टर्बो सी (सी भाषेतले प्रोग्राम लिहायचं जुनं सॉफ्टवेअर), तेही डॉसबॉक्समध्ये (जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) चालवलेलं कारण आजच्या विंडोजवर ते थेट चालतच नाही. टर्बो सी १९८७ चं आहे साहेब, त्या काळी ते खरंच भारी हत्यार होतं, त्याला मी नावं ठेवत नाही, पण भाचीच्या जन्माच्या कितीतरी आधीचं आहे. तिचा प्रोग्राम मोंढ्याच्या पट्टीचाच होता, मामाचं बघून केलेला. भाव आणि क्विंटल टाकले की रक्कम काढायची. तिनं दहा क्विंटल आणि चार हजार भाव टाकला तर उत्तर आलं वजा पंचवीस हजार पाचशे छत्तीस. म्हणजे शेतकऱ्यानं माल पण द्यायचा आणि वर पंचवीस हजार पण द्यायचे! सर म्हणाले होते छोटे आकडे टाकून दाखव, एक्स्टर्नल येतील तेव्हा.

भूत वगैरे काही नव्हतं. टर्बो सी मध्ये इंट, म्हणजे पूर्ण आकडा ठेवायचा डबा, दोन बाइटचा, त्यात ३२,७६७ च्या वर आकडा मावत नाही, वर गेला की घड्याळाच्या काट्यासारखा फिरून वजामध्ये येतो. चाळीस हजारातून ६५,५३६ गेले की बरोबर तेच उत्तर. मी तिला जीसीसी (सी चा आजचा कंपायलर, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम करून देणारं) टाकून दिलं, तेही फुकटच, रिचर्ड स्टॉलमन यांनी सुरू केलेलं, त्यात आजच्या मशीनवर इंट चार बाइटचा, दोनशे चौदा कोटींच्या पुढंपर्यंत जातो. सोबत वायफळ वाटणाऱ्या बहुतेक वॉर्निंग (धोक्याच्या सूचना) दाखव असा पर्याय लावून दिला, डब्ल्यू-ऑल म्हणतात त्याला. पहिल्याच वेळी सतरा वॉर्निंग आल्या, व्हॉइड मेन लिहू नकोस, हा व्हेरिएबल किंमत न देता वापरलास, असं सगळं. रडवेली झाली पोरगी. दोन तास बसून एक एक काढली आणि मग जेवतानासुद्धा तेच बोलायली, मामा ते ह्यामुळं होत होतं होय. एवढंच सांगायचंय मला, चांगलं हत्यार शिकवणाऱ्यासारखं वागतं, चूक झाली की तिथल्या तिथं हात धरतं. आमच्या पोरांना असं हत्यारच मिळत नाही आणि मग आपण म्हणतो ग्रामीण भागातली पोरं इंटरव्ह्यूत कमी पडतात.

सरांवरही माझा राग नाही. सिलॅबस वरून येतो, लॅबमधली मशीन जुनी, दोन प्रॅक्टिकलच्या मध्ये लाईट जाते. पण जीसीसी पण त्याच जुन्या मशीनवर चालतं हो, आणि गिट पण चालतं.

गिटचं थोडं सांगतो कारण एकच हत्यार शिकवायचं म्हटलं तर मी हेच शिकवीन. लिनक्सवाले लिनस टॉरवाल्ड्स, त्यांचं काम ज्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालायचं त्याची फुकट वापरायची परवानगी गेली, म्हणून २००५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी थोड्याच दिवसांत स्वतःचं लिहून काढलं. आज जगातलं बहुतेक सॉफ्टवेअर त्याच्यावर ठेवलं जातं. काम काय करतं, तर तुमच्या प्रोजेक्टची रोजकीर्द ठेवतं. कुणी, कधी, कुठली ओळ बदलली आणि का बदलली. आमच्याकडं आडत्याच्या वहीत खाडाखोड चालत नाही, चुकलं तर नवी नोंद घालून दुरुस्त करतात, अगदी तसंच. माझ्या एका प्रोग्राममध्ये मागच्या सीझनला हमालीत एक-दोन पैशांचा फरक यायला लागला, आडत्या म्हणाला सोडा हो पैशाचं, मी म्हणालो नाही, पैसा आज चुकतोय तर उद्या रुपया चुकेल. शेवटचा बरोबर हिशोब आणि आजचा हिशोब ह्यांच्यामध्ये तीनशेच्या आसपास बदल झालेले होते. गिटमध्ये बायसेक्ट नावाची सोय आहे, ती बरोबर मधला बदल काढून देते आणि विचारते इथं चूक आहे का नाही, तुम्ही हो म्हणालात की त्याच्या आधीचा अर्धा भाग, नाही म्हणालात की नंतरचा, असं निम्मं निम्मं करत तीनशेमधला नेमका एक बदल नऊ वेळात सापडला. एका संध्याकाळी मी स्वतःच पैशातला पूर्ण आकडा काढून तिथं दशांशाचा आकडा वापरला होता. कॉम्प्युटरला बरेचसे दशांश पक्के साठवता येत नाहीत, शून्य पूर्णांक एक अधिक शून्य पूर्णांक दोन केलं तर शून्य पूर्णांक तीनच्या शेपटाला चिमूटभर जास्तीचं येतं. म्हणून पैशाचा हिशोब नेहमी पैशात, पूर्ण आकड्यात ठेवायचा. हे मला माहीत होतं तरी घाईत झालं, आणि गिट नसतं तर तीनशे ठिकाणी हुडकत बसलो असतो.

आजकाल पोरं एआयला विचारून कोड आणतात, त्यालाही माझा विरोध नाही, मी पण विचारतो. फक्त आणलेलं सगळं एकदम चिकटवू नका, गिट डिफ (बदल दाखवणारी कमांड) करून बघा कुठल्या ओळी आल्या, कुठल्या गेल्या, प्रत्येक ओळ वाचून मगच कमिट करा, म्हणजे गिटमध्ये नोंद घाला. जी ओळ समजली नाही ती ठेवायची नाही.

लाईटवरून आठवलं. मी सुरुवातीला पट्ट्यांचा डेटा एकाच मोठ्या फाइलीत लिहायचो, ऐन आवकेच्या दिवसात लाईट गेली, इन्व्हर्टरनं दम टाकला आणि फाइल अर्धवट लिहिलेली राहिली, दिवसभराच्या पट्ट्या पुन्हा कागदावरून भराव्या लागल्या. तेव्हापासून एसक्यूलाइट हा डेटाबेस. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये अमेरिकन नौदलाच्या एका जहाजासाठीच्या कामात असताना हे करायला घेतलं, वेगळा सर्व्हर नको, नुसती एक फाइल. त्यावर कुणाची मालकीच ठेवलेली नाही, कुणीही वापरा. तुमच्या प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये ते आहे. ते करतं असं की मूळ पानावर लिहायच्या आधी जुनं पान बाजूला एका जर्नलमध्ये उतरवून ठेवतं, मध्येच लाईट गेली तर पुन्हा चालू झाल्यावर जर्नल बघून जुनं पान जागेवर आणतं. म्हणजे व्यवहार एकतर पुरा होतो नाहीतर झालाच नाही, अर्धवट लटकत नाही. लाईट जाणाऱ्या गावासाठी ह्याच्याइतकं जीवाभावाचं हत्यार मी दुसरं बघितलं नाही. लॅबमध्ये मोठमोठ्या डेटाबेसची नावं पाठ करून घेतात, हे एका शब्दानं सांगत नाहीत.

इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या कर्लचं पण असंच. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांना चॅटवरच्या मित्रांसाठी इंटरनेटवरून चलनाचे भाव आणायचे होते, त्यातून हे हत्यार घडत गेलं, १९९८ पासून कर्ल नावानं आहे. मी ते वाचलं तेव्हा इतकं बरं वाटलं, कारण मी पण त्याच्यानं भावच आणतो, सोयाबीन आणि तुरीचे. टीमक्स म्हणून एक आहे, सर्व्हरवर काम करताना आपलं नेट गेलं तरी तिकडं काम चालू राहतं, नेट आलं की जिथं होतो तिथंच परत. आमच्याकडं नेट कसं आहे हे वेगळं सांगायला नको.

आणि विम. विम उघडलं की पहिल्याच पानावर युगांडातल्या गरीब लेकरांना मदत करा असं लिहिलेलं असतं. ब्रॅम मूलेनार, नेदरलँड्सचे, १९९१ मध्ये त्यांनी ते पहिल्यांदा लोकांना दिलं आणि शेवटपर्यंत सांभाळलं, २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले. फुकटच ठेवलं, पैसे द्यायचेच असतील तर त्या लेकरांना द्या म्हणाले. त्यांची बातमी आली त्या दिवशी मी काम बंद ठेवलं होतं. आमच्या घरच्यांना कळेना की कोण वारलं.

ज्यांच्याकडं लॅपटॉपच नाही त्यांच्यासाठीही मार्ग आहे. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचं ॲप येतं, एफ-ड्रॉइडवरून (फुकट ॲपांचं एक दुकान) घ्यावं, त्यात पायथॉन, गिट, विम, सी चा कंपायलर, एसक्यूलाइट सगळं चालतं. एक स्वस्तातला कीबोर्ड ओटीजी पिनेनं फोनला जोडला की झालं. स्क्रीन बारीक पडते, मान दुखते हे खरं, पण शिकायला पुरतं. आमच्या गल्लीतला एक पोरगा ह्यावरच पायथॉन शिकला. आणि ज्यांच्याकडं विंडोज आहे त्यांनी ‘गिट फॉर विंडोज’ टाकावं, त्यासोबत गिट बॅश येतं आणि त्यात ग्रेप, विम, एसएसएच वगैरे आयते मिळतात.

आता तुम्हाला विनंती. लॅपटॉपचे लेख छापा, माझी ना नाही, पण त्याच पानावर आठवड्याला अर्धा कॉलम एका हत्याराला द्या. जाहिरातीच्या भाषेत नको, सरळ मराठीत, काय आहे, कुठून घ्यायचं, कुठल्या जुन्या मशीनवर चालतं आणि आपल्या मराठवाड्यातल्या कामात ते कुठं लागतं. नांदेड, लातूर, संभाजीनगरला माझ्यासारखी काम करणारी बरीच मंडळी आहेत, एकेक आठवडा एकेकानं लिहिलं तरी वर्ष निघेल. पहिला मजकूर मी देतो, मानधन नको, विषय आडवा ऱ आणि तो शोधायचा कसा. आणि विद्यापीठात सिलॅबस ठरवणाऱ्या बोर्डावर जी प्राध्यापक मंडळी आहेत त्यांच्यापर्यंत तुमचा पेपर पोचतो, माझं पत्र पोचत नाही, तेव्हा टर्बो सी काढून जीसीसी आणि पहिल्याच सेमिस्टरला गिट, ही मागणी तुमच्या शब्दात जरा जोर देऊन मांडा.

त्या शेतकऱ्याचं सांगायचं राहिलं. त्यांना मी त्याच दिवशी बरोबर घेऊन एका रिपेअरिंगच्या दुकानात गेलो, जुना लॅपटॉप बघितला, एसएसडी टाकून घेतली, लिनक्स मी घरी आणून बसवलं. पोरीला दोन रविवार बोलावून गिट आणि जीनी दाखवलं. परवा तिचा फोन होता, म्हणाली, ‘सर, माझ्या फाइलीत बाबांचं गाव शोधलं तर सापडेना, पण दिसतंय तर.’ मी म्हणालो एक्सएक्सडी लाव. पाच मिनिटांनी मेसेज आला, तीन बाइट जास्त आहेत.

सोयाबीनचे कट्टे त्यांच्या ओसरीत अजून तसेच आहेत, भाव आला की काढणार म्हणाले.

आपला,
एक नियमित वाचक,
परभणी